आजीची सर्दी आणि पाच आठवड्यांचं बाळ

पत्र :

डॉक्टर, हे पत्र घरात कुणाला न सांगता लिहिते आहे. माझा नातू आज सात आठवड्यांचा आहे. पस्तिसाव्या आठवड्यातच झाला, पण वजन बरं होतं, पाचव्या दिवशी घरी आला. तो पाच आठवड्यांचा असताना मला सर्दी झाली. सर्दी म्हणजे काय, चार शिंका आणि दोन दिवस नाक वाहणं. मी गोळीसुद्धा घेतली नाही. त्याला मात्र मांडीवर घेत होते. पाच दिवसांनी तो दूध ओढेना, छाती भात्यासारखी उडायला लागली आणि रात्रीच दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. तपासणीत आरएसव्ही नावाचा विषाणू निघाला. चार दिवस तिथे होता. अँटिबायोटिक दिलं नाही. ऑक्सिजन, नाकातला शेंबूड ओढणं आणि नळीनं दूध, एवढंच केलं. आता घरी आहे, दूध छान पितो, थोडा खोकला आहे.

त्याच विषाणूनं मला चार शिंका आणि त्याला ऑक्सिजन, हे कसं? तिथले डॉक्टर जाता जाता म्हणाले, ‘त्याची इम्युनिटी अजून डेव्हलप झालेली नाही.’ म्हणजे कमी आहे का? घरी आल्यावर रक्ताचा रिपोर्ट नीट पाहिला. लिम्फोसाइट ६४ टक्के, पुढे लाल अक्षरात ‘जास्त’. न्यूट्रोफिल २५, पुढे ‘कमी’. यात काही गंभीर आहे का? प्रतिकारशक्ती वाढवणारे थेंब मिळतात, ते सुरू करावेत का? सून काही बोलत नाही. मी मात्र तेव्हापासून त्याला उचललेलं नाही.

– एक आजी

उत्तर :

आजी,

तुम्ही चार-पाच प्रश्न विचारलेत, पण खरा प्रश्न लिहिलाच नाहीत. तोच आधी घेते. हो, विषाणू तुमच्याकडून गेला असण्याची शक्यता आहे. तारखा जुळतात. आरएसव्ही अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा चार ते सहा दिवस जातात. ‘छे हो, तुमच्यामुळे नाही’ असं लिहून तुमचं मन राखता आलं असतं, पण जी बाई रिपोर्टमधली लाल अक्षरं वाचते तिनं दिवसही मोजलेच असणार. आता याच्या पुढचंही वाचा. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठतोच. मोठ्या माणसात तो साध्या सर्दीच्या वेशात येतो, वरून ओळखू येत नाही. तुमच्या मांडीवरून नसता आला तर आणखी कुणाच्या तरी हातावरून आला असता. फक्त थोडा उशिरा आला असता तर बरं झालं असतं, इतकंच. हे ‘थोडा उशिरा’ का महत्त्वाचं, त्याकडे येतेच.

तुम्हाला चार शिंका का? कारण तुमची आणि या विषाणूची ही पहिली गाठ नव्हती. लहानपणापासून तो कितीतरी वेळा तुमच्या नाकातून जाऊन आलेला आहे. दर वेळी काही पेशी त्याची ओळख ठेवून मागे राहिल्या, रक्तात आणि थेट नाकाच्या, श्वासनलिकेच्या अस्तरातही. या वेळी तो आला तेव्हा त्या दारातच होत्या. आरएसव्हीची ओळख पक्की टिकत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा होतो. पण अर्धवट ओळखसुद्धा त्याला वरच्या मजल्यावर, म्हणजे नाकातच रोखायला बहुतेकदा पुरते. बाळाच्या पेशींनी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. पाच आठवड्यांत त्यांनी काय काय पाहिलं असणार?

आता तुमचा रिपोर्ट. लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्याच दोन जाती. तो ‘जास्त’ आणि ‘कमी’ छापणाऱ्या यंत्राला पेशंटचं वय कळत नाही. पुष्कळ ठिकाणी ते प्रत्येक आकडा मोठ्या माणसाच्या मापाशी ताडून पाहतं, आणि मोठ्या माणसात लिम्फोसाइट साधारण २० ते ४० टक्के असतात. बाळाचं गणित निराळं असतं. जन्मताना त्याच्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त असतात, पहिल्या आठवड्यातच पारडं फिरतं आणि लिम्फोसाइट वरचढ होतात. चार-पाच वर्षांचं होईपर्यंत ते तसंच राहतं. सात आठवड्यांच्या बाळात ६४ आणि २५ हे आकडे मला कुणी नाव झाकून दाखवले तर मी कागद परत देईन आणि चहा घ्यायला जाईन. नुसती टक्केवारी नाही, मोजून पाहिलं तरी त्याच्या एक थेंब रक्तात तुमच्यापेक्षा जास्त लिम्फोसाइट आहेत. त्यांतल्या टी पेशी जिथे तयार होतात ती थायमस नावाची ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे असते. तुमच्या-माझ्या वयात तिची बहुतेक चरबी झालेली असते. बाळात मात्र ती एवढी ऐसपैस असते की एक्स-रेवर कधी कधी जहाजाच्या शिडासारखी दिसते आणि नवशिके डॉक्टर तिला न्यूमोनिया समजून बसतात. (मीही समजले होते, एकदा. आमच्या सरांनी काहीही न बोलता फिल्म पुन्हा उजेडावर धरली होती.)

म्हणून ‘इम्युनिटी डेव्हलप झालेली नाही’ हे वाक्य मला फारसं पटत नाही. घाईत तोंडातून जातं, माझ्याही जातं. पण ते ऐकून घरच्या माणसांना वाटतं की बाळ आतून रिकामं आहे आणि आपण बाहेरून काहीतरी भरलं पाहिजे. थेंबांच्या बाटल्या याच समजावर खपतात. बाळात पेशी भरपूर आहेत, फक्त त्या एका वेगळ्या घरातून आल्या आहेत आणि अजून त्या घराचे नियम पाळताहेत.

ते घर म्हणजे गर्भाशय. तिथे पस्तीस आठवडे काय चाललं होतं बघा. बाळाचा निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकं. उलट बाजूनं, आईच्या काही पेशी वारेतून बाळाच्या अंगात जातात आणि त्याच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. त्या बाळाला अर्ध्या परक्या. बाळाच्या पेशींनी परकं दिसलं की हल्ला करायचा असं ठरवलं असतं तर पहिली लढाई आईशीच झाली असती. २००८ मध्ये दिसून आलं की गर्भातल्या बऱ्याच टी पेशी अशा वेळी ‘शांत राहा’ सांगणाऱ्या नियामक पेशी होतात आणि आईविरुद्धची लढाई दाबून धरतात. त्याच्या खूप आधी, १९५३ मध्ये, पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हेच दुसऱ्या वाटेनं दाखवलं होतं. जन्मापूर्वी पिल्लाच्या अंगात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी घातल्या की मोठेपणी ते त्या जातीची कातडी बिनतक्रार स्वीकारतं. १९६० चं नोबेल मेडावार यांना याच कामासाठी मिळालं. लहानपणी भेटलेलं ते आपलं, असा तो कायदा.

आणि जन्मानंतरही हा शांतपणा लागतोच. निर्जंतुक जागेतून बाहेर आलेल्या बाळाच्या कातडीवर, तोंडात, आतड्यात काही तासांत जंतूंची वस्ती सुरू होते. त्यातल्या प्रत्येकावर ताप आणि सूज यांनी उत्तर दिलं असतं तर पहिला आठवडाच निघाला नसता. नव्या पेशींनी आरडाओरडा कमी करावा यात शरीराचा शहाणपणा आहे.

पंचाईत होते ती आरएसव्हीसारखा पाहुणा याच शांततेत शिरला की. विषाणू शिरलेली पेशी एरवी एक रसायन सोडते, इंटरफेरॉन. १९५७ मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी ते शोधलं आणि विषाणूच्या कामात अडथळा आणतं म्हणून हे नाव दिलं. शेजारच्या पेशींना त्याचा वास लागला की त्या आपापली दारं लावून घेतात, विषाणूला आत येऊन आपल्या प्रती काढता येत नाहीत. रक्तात काही खास पेशी असतात, त्यांचं कामच मुळी इंटरफेरॉन मोठ्या प्रमाणात ओतणं. नवजात बाळाच्या या पेशींना प्रयोगशाळेत विषाणूसारखी चिथावणी दिली तर त्या मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा बरंच कमी इंटरफेरॉन देतात. त्यात आरएसव्हीही लबाड. त्याच्याकडे दोन प्रथिनं अशी आहेत की ज्यांचं मुख्य काम इंटरफेरॉनचा निरोप मध्येच कापणं. म्हणजे आधीच हळू बोलणारा माणूस आणि वर त्याच्या तोंडावर हात.

टी पेशींचीही तीच तऱ्हा. विषाणूने भरलेली पेशी हुडकून मारायची तर टी पेशींना एका वळणानं जावं लागतं. परजीवींशी झुंजायचं वळण वेगळं, अॅलर्जीतही तेच दिसतं. नवजात बाळाच्या टी पेशी सहज दुसऱ्या वळणाला लागतात, ज्यात मारामारी कमी आणि कफ जास्त. बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडं (जंतूला चिकटून अडवणारी प्रथिनं) बनवणाऱ्या, त्यांच्याबाबत तर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक चक्रावणारी गोष्ट दाखवली. नवजात बाळाच्या रक्तात ‘शांत राहा’ म्हणणाऱ्या काही बी पेशी असतात. आरएसव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो आणि त्यांना आणखी शांतता पसरवायला लावतो. ज्या बाळांत या पेशी जास्त, त्यांचा आजार जास्त तीव्र निघाला. घरातल्या सगळ्यांत समजूतदार माणसालाच चोरानं हाताशी धरावं, तसं.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे कमीच की हो. नाही. कोविडनं आम्हा बालरोगतज्ज्ञांना या बाबतीत एक धडा दिला. तो विषाणू तर साऱ्यांनाच नवा होता, आजोबांना आणि नातवालाही. जुनी ओळख कुणाकडेच नाही, म्हणजे तुलना सरळ झाली. आणि बाळं मोठ्यांपेक्षा बरी निभावली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लहानग्यांच्या रक्तात सूज भडकवणारी रसायनं जवळपास दिसलीच नाहीत, पण त्यांच्या नाकात मात्र इंटरफेरॉन चांगलंच होतं. त्यांची प्रतिपिंडंही मोठ्यांच्या प्रतिपिंडांसारखी भराभर उतरली नाहीत. रक्त शांत, नाक जागं. मोठ्या माणसांना जी अंतर्गत सूज अतिदक्षता विभागात नेत होती, ती या बाळांत पेटलीच नाही. तोच शांतपणा आरएसव्हीत अडचणीचा ठरतो आणि कोविडमध्ये उपकारक. त्याला एका शब्दात कमी किंवा जास्त कसं म्हणणार?

उंदरांच्या पिल्लांत आणखी एक गंमत दिसते. त्यांच्या मारेकरी टी पेशी प्रौढांच्या पेशींहून चटकन कामाला लागतात. मात्र लढून झालं की आठवण म्हणून मागे फार थोड्या उरतात. आजची लढाई आज, उद्याचं उद्या. पहिल्या काही आठवड्यांच्या जिवाला हाच हिशेब सोयीचा.

मग त्याला ऑक्सिजन का लागला? निम्मं उत्तर पेशींत आहे आणि निम्मं नळीच्या मापात. त्याच्या नाकातून ओढलेला तो शेंबूड तुम्ही पाहिला असेल. करडा, चिकट, दोरीसारखा येणारा. काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात विषाणू दिसत नाही, तो फार लहान. दिसते ती पेशींची चेंगराचेंगरी. श्वासनलिकेच्या अस्तरातून सुटून पडलेल्या पेशी, काहींना अजून ती केसांसारखी झालर असते, आणि त्यांच्याभोवती खच्चून न्यूट्रोफिल, दहातल्या आठांहून जास्त. मधून मधून धागे असतात. ते न्यूट्रोफिलनी मरताना बाहेर फेकलेल्या स्वतःच्या डीएनएचे. जाळं टाकावं तसं ते टाकतात, शत्रू अडकावा म्हणून. त्या जाळ्यात बाळाचा श्वासच अडकतो. तुमच्या रिपोर्टवर ज्यांच्यापुढे ‘कमी’ छापलं होतं तेच न्यूट्रोफिल इथे गर्दी करून बसले होते. छातीच्या त्या आवाजात विषाणूचं नुकसान थोडं आणि स्वतःच्या सैन्याचा राडारोडा पुष्कळ, असं ते मिश्रण.

हीच गर्दी तुमच्या श्वासनलिकेत झाली असती तर तुम्ही दोनदा खाकरून मोकळ्या झाला असता. त्याच्या सर्वांत बारीक नळ्या आधीच चिमुकल्या. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे, त्याला बाळाची दया येत नाही. शिवाय या वयाची बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध ओढणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, म्हणून पहिली तक्रार बहुतेक वेळा ‘दूध ओढेना’ हीच असते. तुमच्या सुनेनं ती वेळेवर ओळखली.

अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून तुम्हाला उपचार अपुरे वाटले असतील. उलट, तिथल्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं. ते औषध जिवाणूंचं, विषाणूवर चालत नाही. श्वास चालू ठेवायचा, पोटात दूध जाऊ द्यायचं, नाक मोकळं करायचं आणि बाळाच्या पेशींना त्यांचं काम संपवायला वेळ द्यायचा, हाच या आजाराचा उपचार आहे. दिसायला तो ‘एवढंच’ दिसतो खरा.

आता ‘थोडा उशिरा आला असता तर’ याबद्दल. बाळ जन्मतं तेव्हा स्वतःची प्रतिपिंडं फार थोडी, पण आईची उसनी घेऊन येतं. वार ती नुसती झिरपू देत नाही, उचलून उचलून पलीकडे पोचवते, आणि हे काम शेवटच्या काही आठवड्यांत जोरात चालतं. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास बाळाकडे आईच्या साधारण निम्मी असतात. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे आईइतकी, कधी तिच्याहूनही जास्त. तुमचा नातू पस्तिसाव्या आठवड्यात आला, म्हणजे शिदोरी बांधली जात असतानाच गाडी सुटली. ही शिदोरीही पुरवून पुरवून खावी लागते, कारण साधारण महिन्याभरात ती निम्मी होते. स्वतःची प्रतिपिंडं हळूहळू वाढत असतात, पण मधले काही महिने उसनं संपत आलेलं आणि कमाई सुरू व्हायची, अशी ओढगस्त असतेच. आरएसव्हीनं दवाखान्यात भरती होणाऱ्या बाळांची गर्दी पहिल्या सहा महिन्यांत का, याचं एक मोठं कारण हे. पुढे दर महिन्याला नळ्या रुंदावतात, फुप्फुसात नवे वायुकोश फुटतात, पेशींची वळणं बदलतात. तोच विषाणू दीड वर्षाच्या मुलाला बहुधा आठवडाभर शेंबडा ठेवतो आणि जातो.

आणि आता ते थेंब. सरळ सांगते, नका देऊ. सात आठवड्यांच्या बाळात प्रतिकारशक्ती ‘वाढवते’ असं खात्रीनं सिद्ध झालेली अशी बाटली नाही. पण माझा आक्षेप पैसे वाया जातील एवढाच नाही. ‘वाढवणं’ ही कल्पनाच मला धास्ती घालते, आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत आरएसव्हीची पहिली लस बाळांना देऊन पाहिली. विषाणू फॉर्मेलिन या रसायनानं मारून तयार केलेली. बाळांच्या अंगात प्रतिपिंडं तयार झाली, सगळे खूश. मग सर्दीचा मोसम आला. लस घेतलेल्या सर्वांत लहान गटातल्या २० बाळांना संसर्ग झाला आणि त्यातल्या १६ जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. आरएसव्हीची लस न मिळालेल्या तुलनेच्या गटात भरतीचं प्रमाण होतं सुमारे ५ टक्के. लस घेतलेली दोन बाळं गेली. फॉर्मेलिननं विषाणूचा चेहरा बिघडला होता. पेशी शिकल्या त्या बिघडलेल्या चेहऱ्याविरुद्ध. त्यांची प्रतिपिंडं खऱ्या विषाणूला चिकटत, पण त्याला अडवत नसत, आणि टी पेशी त्या कफाच्या वळणानं धावून आल्या. ‘वाढवली’ तर होती प्रतिकारशक्ती. बाळाच्या पेशींना नुसतं चेतवून भागत नाही, त्यांना काय शिकवता हे महत्त्वाचं.

या घटनेनं आरएसव्हीची लस कित्येक दशकं मागे पडली. २०१३ मध्ये त्या विषाणूचं एक प्रथिन पेशीत घुसण्यापूर्वी नेमकं कसं दिसतं ते शास्त्रज्ञांनी रेखून काढलं, म्हणजे खरा चेहरा हाती आला, आणि तिथून चक्रं फिरली. आज जे दोन उपाय आहेत ते दोन्ही बाळाच्या पेशींना त्रास न देता शिदोरी भरतात. एक, गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात आईला लस, म्हणजे वारेतून जास्तीची प्रतिपिंडं. दुसरा, निर्सेविमॅब नावाची तयार प्रतिपिंडं, बाळाला एकाच इंजेक्शनात. ती काही महिने टिकतील अशी घडवलेली आहेत. अमेरिकेत दोन्हींना २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दोन्हींची शिफारस केली. तुमच्या नातवाला संसर्ग होऊन गेला असला तरी तो वेळेआधी जन्मलेला आहे आणि हा विषाणू पुन्हा येऊ शकतो. तेव्हा पुढच्या तपासणीला हा विषय बालरोगतज्ज्ञांकडे काढा. बाकीच्या लसी त्यांच्या तारखांना द्या, अगदी तारीख मोजून. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या लसी जन्मतारखेपासूनच धरतात, ‘अजून अशक्त आहे, पुढच्या महिन्यात बघू’ असं नको. आणि आईचं दूध. त्यातली प्रतिपिंडं रक्तात फारशी जात नाहीत, ती नाका-घशाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. थेंबच द्यायचे असतील तर हे.

खोकला अजून दोन आठवडे राहू शकतो. सोलून निघालेलं ते झालरीचं अस्तर पुन्हा उगवायला तेवढा वेळ लागतो. त्यासाठी खोकल्याचं औषध देऊ नका आणि रक्त तर पुन्हा तपासूच नका, नाहीतर पुन्हा लाल अक्षरं. दूध पाजण्यापूर्वी नाकात सलाईनचे दोन थेंब, बस. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर, आणि ‘बाहेर’ म्हणजे गॅलरी नव्हे. पुढची दोन वर्षं सर्दी झाली की त्याची छाती वाजू शकते, अशी सवय काही बाळांना या आजारानंतर लागते. तसं झालं तर डॉक्टरांना ही भरती आठवणीनं सांगा.

तुम्ही एक काम शिकून घ्या. बाळ शांत झोपलेलं असताना त्याचं पोट उघडं करा आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, या वयात श्वास एकसारखे येत नाहीत. दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिन्यांनंतर ५० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले तर डॉक्टरांकडे. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फेंदारत असतील, कण्हत असेल, दूध निम्म्यावर आलं असेल, लघवीचे लंगोट कमी ओले होत असतील तर मोजत बसू नका, निघा. ओठ निळसर झाले किंवा श्वास मध्येच थांबला तर त्याच क्षणी. तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस ताप हा ‘बघू सकाळी’ म्हणण्यासारखा नसतो. आणि ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. इतकी लहान बाळं आजारी पडूनही कधी कधी तापतच नाहीत, उलट गार पडतात.

राहिलं तुमचं न उचलणं. तुमची सर्दी दोन आठवड्यांपूर्वी गेली. निरोगी मोठ्या माणसाच्या नाकातून हा विषाणू आठवडाभरात संपतो. बाळं मात्र तो दोन-तीन आठवडेही सोडत राहतात. म्हणजे आज घरात कुणाकडून कुणाला धोका असेलच तर तो त्याच्याकडून तुम्हाला आहे. साठीपुढे आरएसव्ही नेहमी चार शिंकांवर थांबत नाही, विशेषतः दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर. तुमच्या वयासाठीही २०२३ पासून लस आली आहे, स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. पुढे कधी नाक वाहिलं तर मास्क लावा, पापा घेऊ नका, हात साबणानं धुऊनच त्याला घ्या. हा विषाणू हवेपेक्षा हातांवरून आणि खेळण्या-टेबलांवरून जास्त फिरतो, तिथे तो काही तास तग धरतो.

आणि सुनेला एकदा स्वतःहून सांगा की मला सर्दी होती, मला माहीत नव्हतं. ती गप्प आहे याचा अर्थ ती तुम्हाला दोष देते असा तुम्ही लावलाय. मी वॉर्डात अशा पुष्कळ आया पाहिल्या आहेत. चार रात्री मॉनिटरकडे पाहत बसलेली बाई घरी आली की काही दिवस कुणाशीच बोलत नाही. तिला झोप हवी असते. संध्याकाळी हात धुऊन तिच्या खोलीत जा, बाळ मागून घ्या आणि तिला म्हणावं, तू झोप, श्वास मी मोजते.

– तुमची डॉक्टर